बर्फावरचे बूट, माझ्या मापाचे

ज्या बाईंनी मला सांगितलं की तुझे पाय या खेळाचे नाहीत, त्यांनी तोवर माझे पाय पाहिलेसुद्धा नव्हते. ते बुटात होते. मी बर्फावर कठड्याला धरून उभी होते, घोटे आत मुडपत होते, गुडघे एकमेकांवर आपटत होते, आणि बाई पलीकडे उभ्या राहून हातातल्या यादीवर पेनचं टोक आपटत होत्या. त्या आमच्या संघाच्या व्यवस्थापक. कोण खेळणार, कोण बाकावर बसणार, कोण परत जाणार, सगळं त्यांच्या यादीत.

"तुमच्याकडे शेतातून अनवाणी चालायची सवय असते ना," त्या म्हणाल्या, "पाय पसरट होतात. या खेळाला घोटा लागतो."

आमच्याकडे शेत नाही. माझी आई देऊळगाव राजात ब्लाऊज शिवते. पण तेव्हा मी कठडा आणखी घट्ट धरला. दात आवळले होते, कारण उजव्या टाचेवरचा फोड फुटून मोजा ओला झाला होता.

मी तिथवर कशी पोहोचले ते थोडक्यात सांगते. आमच्या शाळेतल्या खेळाच्या सरांनी कुठूनतरी चाकांच्या बुटांचे आठ जोड आणले होते. बाजार समितीच्या आवारात, जिथे सोयाबीनची पोती लागतात, तिथला कोबा गुळगुळीत आहे. हंगाम संपला की तो रिकामा. त्यावर आम्ही शिकलो. आधी नुसतं पळणं, मग काठी आणि चेंडू घेऊन हॉकी. मी पुढे कॉलेजात गेले, एका शाळेत खेळाची शिक्षिका म्हणून लागले, तरी संध्याकाळी कोब्यावर जाणं सुटलं नाही. चाकांवरच्या हॉकीत मी राज्यापर्यंत खेळले आणि तिथून मला राज्याच्या बर्फावरच्या हॉकी संघाच्या शिबिराला बोलावलं. गावात बातमी फुटली तेव्हा लोक पोट धरून हसले. उन्हाळ्यात आमच्याकडे कावळासुद्धा सावली सोडत नाही, आणि ही बर्फावर खेळणार. हसू दिलं. मी जालन्याला जाऊन रेल्वे पकडली.

शिबिर उत्तरेत, डोंगरातल्या एका गावात होतं. छपराखालचं बर्फाचं मैदान मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. बूट संघाचे होते, एका मोठ्या पोत्यात भरून आणलेले. यादीतल्या क्रमानं एकेकीच्या हातात एकेक जोड पडत गेला. माझं नाव शेवटून दुसरं. मला मिळाले ते दोन माप मोठे.

"दोन मोजे घाल," बाई म्हणाल्या. मी तीन घातले.

तिसऱ्या दिवशी मला परत पाठवलं.

घरी पोहोचले त्या दुपारी आई मशीनवर होती. मी उंबऱ्यात चप्पल काढली आणि तिचा पाय पायडलवर थांबला. आईचं माहेर वडनेर भोलजीचं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी तिनं आपली बोली इकडच्या पाण्यात विरघळू दिलेली नाही.

"काय करून आली वं हे?"

मी सांगितलं. बूट, मोजे, फोड आणि बाईंचं ते वाक्य. पाय पसरट, खेळाचे नाहीत.

आई उठली. माझी टाच हातात घेऊन तिनं उजेडाकडे वळवली. मग म्हणाली, "ब्लाऊज काखेत रुतला तं मी गिऱ्हाइकाले सांगतो का, बाई, तुही काख चुकली म्हणून?"

मला हसू आलं आणि त्यासोबत तीन दिवसांचं सगळं रडूही आलं. आई मात्र हसली नव्हती. तिनं गळ्यातली टेप काढली.

"बसू नको. उभी राह्य. माप उभ्यानं घ्यायचं असते. बसल्यावर पाय खोटं बोलते."

तिनं बेतायचा खाकी कागद फरशीवर पसरला. मी त्यावर उभी राहिले, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन. तिनं पेन्सिल सरळ उभी धरून पायाभोवती फिरवली. मग रुंद भागावर टेप, टाचेवर टेप, पायाच्या पाठीवरून टेप. रेघा मारून झाल्यावर आम्ही दोघी कागदाशेजारी उकिडव्या बसलो. माझ्या पायांबद्दल मला बावीस वर्षांत जे कळलं नव्हतं ते त्या कागदावर होतं. उजवा पाय डाव्यापेक्षा पेन्सिलीच्या जाडीइतका लांब. बोटांकडे रुंद, पण टाच बारीक. आणि पायाची पाठ उंच.

"समोर ढिला, मागं घट्ट," आई म्हणाली. "अशे बूट कोनी शिवत असलच ना जगात?"

शिवत असतील. मी शोधायला लागले. शाळा सुटल्यावर रोज फोनवर परदेशी लोकांचे व्हिडिओ बघायचे. इंग्रजी अर्धं समजायचं, अर्धं हातवाऱ्यांवरून. बर्फावरचा बूट आपल्या नेहमीच्या बुटाच्या मापाचा घ्यायचाच नाही, त्याहून एक-दीड माप लहान बसतो. सरळ उभं राहिलं की बोटांची टोकं बुटाच्या पुढच्या कडक टोपीला नुसती चाटून गेली पाहिजेत. गुडघे वाकवले की पाय मागे सरकतो आणि बोटं सुटतात. टाच मात्र जागची हलता कामा नये, कारण टाच उचलली गेली की घोटा मुडपतो. हे ऐकलं तेव्हा मी व्हिडिओ थांबवला. माझा घोटा का मुडपत होता ते एका परक्या देशातला टकला माणूस मला सांगत होता. मी तो तुकडा पुन्हा लावला आणि आईला हाक मारली. तिला शब्द कळले नाहीत, पण त्यानं टाचेवर बोट ठेवलेलं बघून तिनं मान डोलावली.

पैशांचं रडगाणं मला इथे गायचं नाही. जमवले. एप्रिलात शाळेला सुट्या लागताच आम्ही दोघी दिल्लीला गेलो. आईची गळ्यातली टेप पिशवीत, खाकी कागद गुंडाळून माझ्या हातात.

दुकान मोठं होतं, भिंतभर बूट. दुकानदार साधारण पस्तिशीचा, केस चापून बसवलेले. त्यानं आमच्याकडे पाहिलं, मग आईच्या नऊवारीकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"कहाँ से?"

"बुलढाणा जिल्हा. महाराष्ट्र."

"वहाँ बर्फ गिरती है?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "गिरती नहीं, म्हणून तं यहाँ आए."

त्यानं पाय मोजायचा पाट काढण्याचीही तसदी घेतली नाही. एक पांढरा-चंदेरी जोड समोर ठेवला. "सारे बड़े खिलाड़ी यही पहनते हैं." मी पाय घातला. बसल्या बसल्या इतका मऊ लागला की क्षणभर वाटलं, हाच. मग उभी राहिले. दोन मिनिटांत करंगळीला मुंग्या आल्या.

"खुल जाएगा," तो म्हणाला. "पहन-पहन के खुल जाता है."

"कपडा खुलता है, भाऊ," आई म्हणाली. "हड्डी नहीं खुलती."

मी बूट काढून ठेवला आणि खाकी कागद काउंटरवर पसरला. शेजारचे गिऱ्हाईक वाकून बघायला लागले. मी त्याला सांगितलं, पुढे रुंद असलेला दाखवा. त्यानं एक दाखवला, टाच ढिली. दुसरा दाखवला. त्यात नाडी न बांधता जीभ पुढे ओढून, नाडीच्या भोकांवर मी पेन्सिल आडवी ठेवली. पेन्सिल माझ्या पायाच्या पाठीवर टेकून डुगडुगली. म्हणजे बूट उथळ, नाडी आवळली की पाठ दाबणार. नको. तिसरा नको. चौथा नको. प्रत्येक "नको"ला त्याचे ओठ आणखी आवळत गेले. शेवटी आत जाऊन त्यानं एक चेपलेलं खोकं आणलं. काळे बूट, गेल्या मोसमातले, पुरुषांच्या कप्प्यात पडलेले. ना चमक, ना पट्टा.

उभी राहिले. बोटं टोपीला चाटली. गुडघे वाकवले, बोटं सुटली, टाच जागेवर. पेन्सिल भोकांवर आडवी ठेवली, खाली हवा खेळत होती. आईनं मागून वाकून टाचेमागे बोट घालायचा प्रयत्न केला, गेलं नाही. मग तिनं बूट काढायला लावला आणि उलटापालटा करून पाहिला. शिलाईवरून नख फिरवलं. दोन्ही बाजू तळहातांत धरून दाबल्या, दबत नव्हत्या. मी बुटाखालच्या पात्याचे रिबिट तपासले, आणि पातं झिजल्यावर वेगळं बदलता येतं का ते विचारलं. येतं म्हणाला.

"अर्धा तास घालून बसते," मी म्हणाले.

"अर्धा तास?"

"हो."

दहा मिनिटांनी त्यानं आमच्या डोक्यावरचा पंखा बंद केला. दिल्लीचा एप्रिल. आई पदरानं मला वारा घालायला लागली, पण आम्ही उठलो नाही. अर्ध्या तासानं डाव्या पायाला काही तक्रार नव्हती. उजव्या पायाच्या घोट्याच्या हाडाला तेवढं आतून टोचत होतं. ते मला माहीत होतं. असे बूट गरम करून पायावर बसवतात, दुकानात त्याची छोटी भट्टी असते. ती काउंटरमागे दिसतच होती.

"मशीन खराब है," तो म्हणाला.

खरंच खराब होती की नव्हती, मला माहीत नाही. आम्ही बूट घेतले आणि परत आलो.

आमच्या गावात ब्रेड, खारी, टोस्ट करणारी एक जुनी बेकरी आहे. मालक चाचा. लहानपणी शाळेत जाताना मी तिथून तुटकी खारी घ्यायचे. मे महिन्यातल्या एका दुपारी मी बुटांची पिशवी घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले.

"चाचा, टोस्ट सुकवायचा कप्पा पाहिजे. दहा मिनिटं."

"क्या सुकाना है?"

मी बूट काढून दाखवले. चाचांनी ते हातात घेतले, पात्यावरून अंगठा फिरवला, नाकाशी नेऊन वास घेतला आणि परत दिले.

"बेटा, पाव बिगडा तो कुत्ते को डालते. ये बिगडा तो?"

"बिघडला तर माझा बिघडेल."

"नक्को. तेरी माँ मेरे को जीने नहीं देगी."

"आईनंच पाठवलंय."

हे खरं होतं. आई कापड इस्त्रीनं बसवते, तिला उष्णतेनं आकार घेणं नवं नव्हतं. दूध संकलन केंद्रातून दुधाचा थर्मामीटर तिनंच मागून आणला होता. ऐंशी अंश, त्यावर नाही. चाचांनी कप्प्याचं झाकण उघडं ठेवलं, हात घालून बघितला आणि म्हणाले, "हुआ." थर्मामीटर पंच्याण्णव दाखवत होता. मी थांबले. ते वैतागले. चाळीस वर्षं हातानं भट्टी ओळखणाऱ्या माणसाला मी काचेची नळी दाखवत होते. पण मी हलले नाही. पारा ऐंशीच्या किंचित खाली आला तेव्हा नाड्या काढलेला उजवा बूट लाकडी फळीवर ठेवून आत सरकवला. फक्त उजवा. जळला तर एकच जळावा.

सहा मिनिटं. आयुष्यातली सर्वांत लांब सहा मिनिटं म्हणण्याचा मोह होतो, पण खरं सांगायचं तर चाचांनी तेवढ्यात मला नानकटाई खायला दिली आणि मी खाल्लीही.

बूट बाहेर आला तेव्हा घोट्याजवळ मऊ पडला होता. मी मैद्याच्या पोत्यावर बसले, पाय घातला, टाच मागे तीनदा आपटली, नाड्या बाहेरच्या बाजूला ओढत आवळल्या. वर ओढल्या तर भोकं फाटतात, हेही त्या टकल्या माणसानंच सांगितलं होतं. आता पंधरा मिनिटं उभं राहायचं नाही, गुडघा काटकोनात. गरम बूट हळूहळू माझ्या हाडाभोवती बसत होता. पायाला घाम सुटला होता. बाहेर ऊन असं की रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटावं.

पावासाठी आलेली माणसं थांबायला लागली. एकाच पायात पात्याचा बूट घालून पोत्यावर बसलेली बाई रोज कुठे बघायला मिळते? मोटारसायकलवरून आलेला एक जण म्हणाला, "ताई, बर्फ कुठं हाये? गोळ्याच्या गाडीवर खेळता का?"

"हाव," मी म्हणाले. "रंग कोणता टाकायचा ते तुम्ही सांगा."

सगळे हसले, तोही हसला. चाचा मात्र रागावले. "पाव लिया ना? चलो," म्हणून त्यांनी त्याला वाटेला लावलं. मग स्वतः माझ्या पायाशी वाकून विचारलं, "चुभता है?"

मी घोटा हलवून पाहिला. टोचत नव्हतं.

"दूसरा डाल," चाचा म्हणाले.

पुढच्या हिवाळ्यात निवडचाचणीला मी गेले. चाकांवर वर्षभर राबले होते, पण बर्फ वेगळा. पहिल्या फेरीला पडले, दुसऱ्या फेरीलाही पडले. तिसऱ्या फेरीत जाणवलं की टाच बुटाला धरून आहे. मी उजवीकडे झुकले आणि पातं उजवीकडे वळलं. एवढंच. मी मनात म्हटलं वळ, आणि ते वळलं. मी मैदानाच्या त्या टोकापर्यंत गेले, तिथे आडवं होऊन थांबले, बर्फाचा भुगा उडाला. कठड्यापलीकडे बाई होत्या.

त्यांनी मला संघात घेतलं. यादीत नाव लिहिताना म्हणाल्या, "बूट महागातले दिसतात."

"नाही मॅडम, मापाचे आहेत."

इथे ही गोष्ट संपवली असती तर ती नुसती माझी राहिली असती. पण स्पर्धेच्या आदल्या सकाळी सरावाला ते पोतं पुन्हा आलं आणि यादीच्या क्रमानं बूट वाटले गेले. गडचिरोलीकडची एक मुलगी होती, आमच्यात सर्वांत वेगवान, सर्वांत कमी बोलणारी. तिचं नाव यादीत शेवटी. तिच्या हातात पडलेल्या जोडात ती मुकाट्यानं वर्तमानपत्राचे बोळे कोंबत होती.

मी तिच्याजवळ गेले. बुटात माझी दोन बोटं तिच्या टाचेमागे सहज गेली.

"मॅडम, ही या बुटांत बर्फावर जाणार नाही."

बाईंनी वर पाहिलं. "ते ती ठरवेल. दोन मोजे घाल गं."

"दोन मोज्यांनी काही होत नाही. मला विचारा."

"वेळ चाललाय. मैदान तासाच्या भाड्यानं घेतलंय. तू आत जा."

मी बाकावर बसले आणि माझ्या नाड्या सोडल्या. "हिला बूट मिळाल्यावर जाते."

"यादीतून नाव काढीन."

"काढा."

मग आमची गोलरक्षक, नागपूरची, अंगावर एवढी जाड पॅडं चढवलेली असताना धपकन माझ्याशेजारी बसली. तिनं विचारलं, "माझेपण घट्ट होतात. मी कुणाला सांगू?" मग एक जण म्हणाली तिचे ढिले आहेत. मग आणखी एक. बाकावर जागा उरली नाही, तशा मुली खाली रबरी पट्टीवर बसल्या. बाई यादी छातीशी धरून उभ्या होत्या. पलीकडे कोरा बर्फ आणि घड्याळ.

मी वर्तमानपत्रं मागितली. गडचिरोलीच्या मुलीला उभं केलं आणि पेननं तिच्या पायाभोवती रेघ मारली. मग पुढची. मग पोतं आणि सगळ्यांच्या पायांतले बूट एका ढिगात ओतले आणि कागदांवर ठेवून बघायला लागलो. अर्ध्या तासात हिशेब निघाला. सात जणी एकमेकींच्या मापाचे बूट घालत होत्या. बूट कमी नव्हतेच. गडचिरोलीच्या मुलीचं माप संघाच्या कप्तानाच्या पायात होतं, बोटं मुडपून. कप्ताननं कधी तक्रार केली नव्हती, कारण कप्ताननं तक्रार कशी करायची?

बाईंनी खाली वाकून एक कागद उचलला. आधी तो बघितला, मग घड्याळ. माफी मागितली नाही. म्हणाल्या, "वीस मिनिटं उरलीत. जा."

आम्ही गेलो.

स्पर्धेत पहिला सामना हरलो, दुसरा बरोबरीत सुटला, तिसरा जिंकलो. गडचिरोलीच्या मुलीनं गोल केला नाही, पण तिला पकडायला समोरच्या संघाच्या दोन-दोन जणी लागत होत्या आणि त्या मोकळ्या जागेतून बाकीच्यांनी गोल केले.

पुढच्या वर्षी मला शिबिराचं बोलावणं आलं नाही. चौकशी केली तेव्हा कळलं, माझ्या नावापुढे "शिस्त नाही" असा शेरा होता. शेरा लिहिणाऱ्याला तो हक्क आहे, तसा खुल्या निवडचाचणीत उभं राहायचा मलाही आहे. मी रजा टाकली, जालन्याहून गाडी पकडली आणि सकाळी दार उघडायच्या आधी रांगेत जाऊन उभी राहिले. मागे भराभर मुली जमल्या. काहींच्या हातात वर्तमानपत्राच्या घड्या होत्या, पायांच्या रेघा मारलेल्या. कुणी शिकवलं ते मी विचारलं नाही.

टेबलाशी बाईच होत्या. त्यांनी वर न बघता नाव विचारलं. सांगितलं. मग गाव विचारलं.

तेही सांगितलं, जरा मोठ्यानं.